मागच्या भिंतीचं खिंडार

नागपूर
२४ ऑगस्ट २०२५

आयु. यमुताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्रास कारण एक बकरी. हसू नकोस. बावन्न वर्षांच्या, दोनदा एम. ए. झालेल्या, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या आणि रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणाऱ्या तुझ्या भावावर हा प्रसंग यावा, याची इतिहासाने नोंद घ्यायला हवी. आमच्या मैदानात सावलीचं झाड एकच, मागच्या भिंतीजवळचा कडुनिंब. त्याखाली मी स्कूटर लावतो. परवापरवापर्यंत रोज दुसऱ्या तासाला बिजली नावाची बकरी यायची आणि स्कूटरच्या सीटवर बसायची. टेकायची नाही, बसायची. चारी पाय मुडपून, स्थायी समितीच्या सभापतीसारखी. मी जवळ गेलो की अशी बघायची, जणू मीच अर्ज घेऊन आलोय. मागच्या महिन्यात तिने सीटचं कव्हर खाल्लं. नवं घातलं, तेही खाल्लं. आता मी उघड्या स्पंजावर बसतो. पावसाळ्यात भिजलेल्या स्पंजावर बसून वर्गात जाणं म्हणजे काय, हे थोरल्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही.

बकरी सिंधूताई नावाच्या म्हातारीची. मागच्या भिंतीला एक खिंडार होतं, त्याच्या पलीकडे वस्ती, आणि खिंडाराला लागून पहिलं घर तिचं. मी रीतसर तक्रार केली तर म्हणाली, गुरुजी, जनावराले काय समजते कोनाची गाडी हाय, तुमीच उन्हात लावत जा ना.

पण यंदा कॉलेजचं सुवर्णमहोत्सवी वर्ष आहे आणि परिसर सुशोभीकरण समितीचा अध्यक्ष मी. (समितीत दुसरं कोणी नाही.) महापालिकेच्या झोन ऑफिसला अर्ज टाकला. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी हवी म्हणून आम्ही चार वर्षं लिहितोय, ती काही येत नाही. खिंडार मात्र आठवड्यात बुजलं, वर पिवळा रंगही मारला. गेले दहा दिवस माझी स्कूटर आणि मी दोघे सन्मानाने जगतो आहोत.

आता काम. स्मरणिका निघते आहे. तू इथल्या पहिल्या बॅचची विद्यार्थिनी. एक पान आठवणी लिहून पाठव. आपण तेव्हा मागच्या वस्तीतच राहायचो म्हणे. मला काहीच आठवत नाही. तुझं लग्न झालं, बाबांना गिरणीची खोली मिळाली आणि आपण वस्ती सोडली तेव्हा मी जेमतेम चार वर्षांचा. इथे बदलीवर येऊनही मला दोनच वर्षं झाली. फोनवर विचारलं असतं, पण कानाचं मशीन तू कानात कमी आणि डब्यात जास्त ठेवतेस.

एक बारीकशी कटकट आहे. त्याच सिंधूताईची नात श्वेता आमच्याकडे अकरावीत आहे. आवडत्या प्राण्यावर निबंध दिला तर पोरीने बिजलीवर लिहिला आणि माझ्या स्कूटरचं यथासांग वर्णन केलं. तरी मी तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण दिले, यावरून ती कशी लिहिते ते समज. भिंत झाल्यापासून ती येत नाही. बाप जितेंद्र मौद्याच्या वीज प्रकल्पात ठेकेदाराकडे वेल्डर आहे. तो म्हणतो, पोरगी मेन रोडने जाणार नाही. अगं, दहा मिनिटांचा रस्ता! या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही.

भाऊजींना जयभीम. आशीर्वाद हवेतच, आणि एक पानही.

तुझा,
सुशील


उमरेड
२ सप्टेंबर २०२५

चि. सुशील यास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझ्या भाऊजींच्या डोळ्याले दिसत नाही तरी मागावर बसून राहिले आहेत. साडीच्या किनारीत कुठं मोर निघतो, कुठं कोंबडा. मी विचारते, तर म्हणतात, गिऱ्हाइकाले आवडते.

तुझं पत्र वाचून मी आधी पोट धरून हसली. मग शेवटचा भाग वाचला अन् चिडली. अजून चिडलेलीच आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

आठवण पाहिजे ना तुले? घे. कॉलेज सुरू झालं त्याच्या आदल्या वर्षीचा दसरा. तेव्हा तिथं कार्पोरेशनची नुसती प्राथमिक शाळा होती. दीक्षाभूमीवर येणारी बाहेरगावची माणसं तिथं उतरत, आताही उतरत असतील. त्या साली दिवसभर पाणी पडून राहिलं होतं अन् चपराशी फाटकाची चावी कमरेले लावून आपल्या गावी गेलेला. बाया, म्हातारे, लेकरं रस्त्यावर भिजत उभी. आपल्या बाबांनी लोखंडी सब्बल घेतली अन् मागची भिंत मोकळी केली. त्यातून माणसं आत गेली, मागून वस्तीतल्या बायांनी भाताचे गंज नेले. धोंडबानं सरकारी भिंत फोडली म्हणून दुसऱ्या दिवशी सारे घाबरलेले. मोठे गुरुजी आले. त्यांनी पाहिलं, चष्मा पुसला अन् म्हणाले, सुट्टी संपली की बुजवू. तुह्या अर्जापर्यंत ती सुट्टी संपली नव्हती गा.

पुढच्या जूनमध्ये तिथंच अकरावी सुरू झाली. मेन रोडनं तेव्हाही पोरी धाडत नसत. आई दारात बसून बिड्या वळे. ती बाबांले म्हणाली, खिंडारातून गेली तर वर्गाच्या दारापर्यंत मले दिसते, जाऊ द्या. एवढ्या एका गोष्टीवर तुही बहीण बारावी झाली. अन् एकटी नाही गेली. तू तंबाखूच्या सुपात हात घालायचा म्हणून आईनं तुले माह्या कडेवर दिलं. स्मरणिकेत हेही छाप की मराठीचे सुशील सर या कॉलेजात शेंबडं नाक घेऊन पहिल्या वर्षापासून आहेत.

दहा मिनिटांचा रस्ता म्हणतो. चालून पाहिला काय? स्कूटरवर नाही, पायी, अन् त्या पोरीसोबत. पाहा, मग मले शिक्षणाचं महत्त्व सांग.

ही सिंधूताई म्हणजे भिंतीले लागून पहिल्या घरातली सिंधूवहिनी तर नाही? तीच असेल तर तुह्यासाठी आणखी एक गोष्ट आहे. पण आधी भिंतीचं कर.

माया कमी झाली नाही, पण सध्या दाखवणार नाही.

तुझी,
यमुताई


नागपूर
१४ सप्टेंबर २०२५

आयु. यमुताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

चाललो.

श्वेताच्या घरून निघालो. गल्ली संपली की मेन रोड, मग नाल्यावरचा पूल, देशी दारूचं दुकान, त्याच्यासमोर अंडाभुर्जीची गाडी, आणि मग लांबच लांब पत्र्याचं कुंपण, जिथे आत कोणी नाही आणि बाहेर नको ते सगळे. पुलाच्या कठड्यावर टोळकं बसलं होतं. मला पाहून सगळे आभाळाकडे बघायला लागले. इतके खगोलप्रेमी तरुण मी एकत्र कधी पाहिले नव्हते. मी श्वेताला म्हणालो, बघ, कोणी काही बोललं का? ती म्हणाली, सर, तुमी आहा म्हणून. भिंत झाल्यावर पहिल्या दिवशी मी इकडून आली, तवा यातला एक जण गाडी हळू करून पार कॉलेजच्या फाटकापर्यंत बाजूनं आला होता. मग तिने विचारलं, तुमी रोज येता का सर? टोमणा नव्हता, खरंच विचारलं होतं. आणि साडेसातला माझा दुसऱ्या तुकडीवर तास असतो.

जितेंद्रलाही भेटलो. मी समजावायला गेलो होतो, समजून परतलो. तो म्हणाला, सर, पोरीले शिकवाचं नाही असं मी कुठं म्हनतो? मी सहाच्या बसनं मौद्याले जातो. तिथं आगीजवळ काम. हात वेल्डिंगवर अन् मन पोरीच्या रस्त्यावर ठेवलं तर एक दिवस हात जाईन माहा. तुमीच भिंत बांधली, आता तुमीच सांगा. शिक्षणाचं महत्त्व कळत नाही हे वाक्य माझ्या मागच्या पत्रातून खोडून टाक, किंवा राहू दे आणि माझं नाव त्याखाली अधोरेखित कर.

मग झोन ऑफिस. तिथे भिंत बांधण्याचा अर्ज आहे, दुरुस्तीचा आहे, रंगाचा आहे. पाडण्याचा नमुनाच नाही. मी म्हणालो, पाडायची नाही, पूर्वीचं खिंडार परत हवं. साहेबांनी नकाशा उघडला. नकाशात भिंत अखंड. म्हणाले, रेकॉर्डला खिंडार कधी नव्हतंच, तर परत कसं देणार? मी विचारलं, मग मागच्या महिन्यात तुम्ही बुजवलं काय? ते म्हणाले, तुमचा अर्ज होता ना साहेब.

आमच्या प्राचार्या कामिनी मॅडम बाई चांगल्या आहेत, पण नियमाला घाबरतात. त्यांनी स्पष्ट सांगितलं की दसऱ्याची सुट्टी संपल्यावरही पोरगी वर्गात दिसली नाही, तर पटावरून तिचं नाव कमी करावं लागेल. वरून विचारणा होते.

सिंधूताई माझ्याशी बोलत नाही. बिजलीला आता दारात बांधून ठेवते. दुसऱ्या तासाला ती भिंतीपलीकडून ओरडते, आणि वर्गातली पोरं माझ्याकडे बघतात. सावली मोकळी, सीट नवं, आणि मला करमत नाही.

ती दुसरी गोष्ट कोणती? लिही. रागावलेली असलीस तरी लिही.

तुझा,
सुशील


उमरेड
२३ सप्टेंबर २०२५

चि. सुशील यास,
जयभीम आणि आशीर्वाद.

वाक्य खोडलं नाही. राहू दे कागदावर, कधी कामी पडेल.

गुडघा बरा राहिला तर दसऱ्याले येते. नाही आली तर बसच्या कंडक्टरजवळ चिवड्याचा डबा देईन, तो वस्तीतल्या बायांजवळ दे, कॉलेजात उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी. आली तर मी मागूनच आत येणार, हे आताच सांगून ठेवते. धोंडबाची लेक मेन रोडनं फेरा घालणार नाही. तू अर्ज कर, नाहीतर आणखी काही कर.

आता ती गोष्ट. तुले कडेवर घेऊन गेली तरी वर्गात कसं बसवू? तू रडे अन् पूर्ण वर्ग हसे. तेव्हा सिंधूवहिनी नवी नवरी होती. ती खिंडारात उभी राहे अन् तुले माह्या हातून घेऊन घे. कॉलेज सुटेपर्यंत तू तिच्या घरी. आईचं दूध सुटलं होतं, गाईचं परवडे नाही. वहिनीची एक बकरी होती, काळी, एका कानावर पांढरा ठिपका. माह्या अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं तू तिच्या दुधावर काढली.

तुह्या त्या बिजलीच्या कानावर ठिपका आहे काय, जाऊन पाहा.

तुझी,
यमुताई


नागपूर
७ ऑक्टोबर २०२५

आयु. यमुताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

आहे. डाव्या कानावर.

तू आली नाहीस, गुडघ्याला धन्यवाद दे, नाहीतर माझी फजिती तुला याची डोळा दिसली असती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाशीमकडची बरीच मंडळी कॉलेजात उतरली. सुट्टीत चावी माझ्याकडे. दुपारी वस्तीतल्या बाया डाळ-भाताचे गंज घेऊन सवयीने मागून आल्या आणि पिवळ्या भिंतीपाशी थबकल्या. समोरून फिरून यायचं तर गर्दीत गरम गंज घेऊन कोण येईल? मी बेंचवर चढलो आणि म्हणालो, वरून द्या. पलीकडून सिंधूताईने गंज उचलला, इकडून मी धरला, बेंच डगमगला आणि अर्धी डाळ सुशोभीकरण समितीच्या अध्यक्षांवर. पाहुण्यांतली एक आजी म्हणाली, बाप्पा, इथं पाहुण्याच्या आधी मास्तरच जेवते काय.

तसाच खाली उतरलो आणि माळ्याच्या खोलीतून सब्बल आणली. ताई, बाबांनी हे काम पावसात कसं केलं असेल देव जाणे. माझ्या दहा घावांत भिंतीचा फक्त रंग गेला. मग पलीकडून आवाज आला, सर, बाजूले व्हा, पायावर घ्यान. जितेंद्र सुट्टीवर घरी होता. त्याने पलीकडून एकेक वीट अशी काढली, जणू उद्या परत लावायची आहे. वाट मोकळी झाली, गंज आत आले, तुझा चिवडाही त्याच वाटेने आला. संपलादेखील.

सिंधूताई सगळ्यांत शेवटी आली. मी सांगितलं की मी धोंडबांचा मुलगा, यमुताईचा भाऊ. तिने मला डाळीसकट खालून वर पाहिलं. म्हणाली, धोंडबाचा? तो रडका? काहून नाही सांगतलं गा आधी? मग पदराने माझ्या कपाळावरची डाळ पुसली आणि म्हणाली, तवाबी तू असाच आंग भरून घे.

कामिनी मॅडम शनिवारी आल्या. थेट खिंडारापाशी गेल्या. मी निलंबनाची तयारी ठेवली होती. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, मोठ्या गुरुजींच्या चष्म्यासकट. त्यांनी फाइल मागवली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, मागील भिंतीचा भाग दिवाळीच्या सुट्टीनंतर बुजवण्यात येईल. कोणत्या दिवाळीच्या, ते लिहिलेलं नाही. जितेंद्र म्हणतो, मोडक्या बेंचांचं लोखंड दिलं तर तो तिथे छोटं फाटक करून देईल, आतून कडी लावून. त्यातलीच एक कडी मुलींच्या स्वच्छतागृहालाही करतो म्हणाला. चार वर्षांचा पत्रव्यवहार असा निकाली निघाला.

काल, सोमवारी, श्वेता माझ्या तासाला हजर होती. मी हजेरी घेताना तिचं नाव जरा मोठ्याने घेतलं असेल. खिडकीतून पाहिलं तर सिंधूताई खिंडारात उभी राहून वर्गाच्या दाराकडे बघत होती. तुझी आठवण पहिल्या पानावर छापतोय, शेंबड्या नाकासकट.

आणि आज सकाळी लवकर गेलो. खिंडारातून निघालेल्या विटा कडुनिंबाखाली रचल्या आणि त्यावर स्कूटरचं जुनं सीट ठेवलं, तेच, बिजलीने खाल्लेलं. मेकॅनिकने परत दिलं होतं, टाकवलं नव्हतं. स्कूटर उन्हात लावली. दुसऱ्या तासाला बिजली आली, सीट हुंगलं, माझ्या खिडकीकडे एकदा पाहिलं, आणि चारी पाय मुडपून बसली.

भाऊजींच्या कोंबड्यांना आणि मोरांना जयभीम. माया आता दाखवायला हरकत नसावी.

तुझा,
सुशील