विहीणबाईंचा मुक्काम

नांदेड,
बुधवार, दुपार

प्रिय मनू,

काल तुझ्या सासूबाई माहूरचा गड चढल्या. स्वतःच्या पायांनी चढल्या. फोटो तू पाहिलासच, सत्यमने तो दिवसभर सगळ्यांना पाठवला म्हणे. पण फोटोत दोन म्हाताऱ्या देवळासमोर उभ्या आहेत, एवढंच दिसतं. त्यामागचं सगळं तुला कळावं म्हणून लिहायला बसले. फोनवर हे बोलता येत नाही. घर दोन खोल्यांचं, आणि तुझ्या सासूबाई झोपल्या तरी त्यांचे कान जागे असतात. आत्ता त्या खाली बायकांत ऊन खात बसल्या आहेत, तेवढ्यात होईल तेवढं लिहिते.

दिवाळीनंतर त्यांचा उजवा गुडघा बदलायचं ठरलं, तेव्हा नंतर राहायचं कुठे हा प्रश्न आला. हैदराबादला यायला त्या तयार नव्हत्या. तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात आणि शेजारी मराठी बोलणारं कोणी नाही. मुखेडजवळच्या गावी, भुजंगराव गेल्यापासून, त्या एकट्याच. दवाखाना नांदेडचा, माझं घर तिथून जवळ, आणि तुझे बाबा गेल्यापासून मीही एकटी. तू विचारलंस आणि मी लगेच हो म्हणाले. मनातून मात्र धास्तावले होते. तुमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघी विहिणी एका छपराखाली सलग दोन दिवस कधी राहिलो नव्हतो. भेटलो की हळदीकुंकू, खणनारळ, कशा आहात, बऱ्या आहात ना. त्यांचं शेतकरी मराठ्याचं घर, आपलं मास्तरकी करणाऱ्या ब्राह्मणाचं. लग्नात ज्यांनी नाकं मुरडली त्यांना दाखवून द्यायचं म्हणून मी त्यांच्याशी कायम फार नीट वागत आले. माणूस दोन तासांनी जाणार असेल तर नीट वागणं अवघड नसतं गं.

त्या आल्या आणि घर आवाजाने भरलं. उजाडायच्या आत फोन सुरू, तोही स्पीकरवर. गावात कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या सुनेने काय उत्तर दिलं, हे मला अंथरुणातच कळायचं. दार सताड उघडं. दूधवाला, पेपरवाला, वरच्या मजल्यावरचा मीटर बघायला आलेला माणूस, सगळ्यांना हाक, सगळ्यांची चौकशी. माझ्या वरणाला लसणाची फोडणी. मी दुपारी जरा आडवी झाले की खिडकीतून खालच्या बाईशी गप्पा. मला शांतता लागते हे तुला माहीत आहे. बाबा पेपरची पानं उलटायचे तीही हळू उलटायचे.

मी मात्र एक शब्द बोलले नाही. त्या काही करायच्या, वर विचारायच्या, चाललं ना? आणि मी हसून म्हणायचे, असू द्या, असू द्या. मग गॅलरीचं दार लावून तुला फोन करायचे आणि हळू आवाजात सगळं ओतायचे. तू म्हणायचीस, आई, तू किती सोसतेस गं. ते ऐकलं की माझा दिवस बरा जायचा. शाळेत शिकवत असताना आदर्श शिक्षिका म्हणून शाल-नारळ मिळाला होता ना, तसं वाटायचं.

बाबा असते तर हसले असते. तू फार लहान होतीस, लातूरला आपण भाड्याने राहायचो, शेजारी मंजुश्रीबाई होत्या आणि दोन्ही घरांत मिळून अंगणात एकच नळ होता. पाणी आलं की त्यांच्या घागरी आधी लागलेल्या. मी कधी भांडले नाही. सात वर्षं गोड बोलून राहिले, आणि ज्या दिवशी आपण ते घर सोडलं त्या दिवशी त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता रिक्षात बसले. त्या बिचाऱ्या दारात पोळ्यांचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांना कळलंच नाही, आपलं काय चुकलं. तेव्हा बाबा म्हणाले होते, चंद्रप्रभा, तू सहन करत नाहीस, तू साठवतेस. मला त्यांचा राग आला होता.

या वेळीही साठलंच होतं. जानेवारीतली गोष्ट. मी बँकेतून आले, तर दार उघडं आणि आपल्या हॉलमध्ये भाजीवाली मांडी घालून चहा पीत बसलेली. चहा प्यायली त्याचं काही नाही. पण तिच्या हातात तुझ्या बाबांचा निळ्या काठाचा कप होता. तो मी फडताळात मागे ठेवते, कोणाला देत नाही. ती बाई गेली आणि मी तोंड उघडलं. मला हे आवडलं नाही, असं मी म्हणाले. एवढं एक वाक्य म्हणायला मला दोन महिने लागले, आणि ते निघाल्यावर मागची सगळी निघाली. फोन, दार, लसूण, खिडकी. माझा आवाज चढला होता. खालच्या बाईने नक्की ऐकलं.

तुझ्या सासूबाई खुर्चीत बसून सगळं ऐकत होत्या. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, झालं का? मग म्हणाल्या, "आता माजं ऐका. कपाचं मला मालूम नव्हतं, पुन्ना हात लावनार न्हाई. पर दोन म्हैने झाले, तुमी मला असू द्या, असू द्या म्हनून राहिल्या. असू द्या कुनाला म्हनतेत? पावन्याला. घरच्या मानसावर मानूस वरडतंय."

आणि मग त्यांची यादी निघाली, मनू. मला वाटत होतं या घरात सोसणारी मी एकटीच. माझं गूळ घातलेलं वरण त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, म्हणून त्या लसूण घालत होत्या. या घरात भांडं हातातून निसटलं तर काळजात धस्स होतं, म्हणाल्या. दुपारी घरात इतकी शांतता असते की कोणीतरी गेल्यासारखं वाटतं, म्हणून खिडकीत बसायचं. मी गॅलरीत जाऊन फोनवर काय बोलते तेही त्यांना ठाऊक होतं. गॅलरीचं दार काचेचं आहे, आवाज आला नाही तरी तोंड दिसतं. एवढं ठाऊक असून त्या रोज सकाळी बिल्डिंगमधल्या मुलांना माझ्या पूजेला फुलं आणायला लावायच्या आणि ताटलीत मांडून ठेवायच्या. म्हणजे त्या माझ्यापेक्षा जास्त सोसत होत्या, दुखऱ्या पायाने आणि परक्या घरात.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. त्याच म्हणाल्या, "तुमी आज वरडल्या. मला लई बेस वाटलं."

त्या दिवसापासून आम्ही रीतसर भांडायला लागलो. तुला हसू येईल, पण घर त्यानंतरच घरासारखं झालं. फोन सूर्य उगवल्यावर आणि गॅलरीत, हे मी मिळवलं. सकाळी दार उघडं राहील, हे त्यांनी मिळवलं. वरण दोन पातेल्यांत होतं. माझ्या झोपेच्या वेळी त्या खाली जाऊन बसतात आणि जिना उतरणं हा त्यांचा व्यायामही होतो. काही गोष्टी सुटल्या नाहीत. त्या चूळ भरतात तो आवाज मला अजून सहन होत नाही, आणि मी जेवताना पेपर वाचते त्याचा त्यांना अजून संताप येतो. पण आता आम्ही एकमेकींना तसं सांगतो, आणि सांगून झालं की ते तिथेच संपतं.

एक गोष्ट तुला अजून सांगितलेली नाही. व्यायाम करून घ्यायला येते ती शिल्पा एकदा म्हणाली, आजींच्या अंगात ताकद भरत नाही, काय खाता? त्या म्हणाल्या, समदं चांगलं हाय. ती गेल्यावर मी खोदून विचारलं, तेव्हा कळलं की सत्यमच्या वेळी बाळंतपणानंतर त्यांच्या सासूने त्यांना पायाच्या रश्श्यावर उभं केलं होतं. बोकडाचा पाया. या घरात हे मागायचं नाही, हे त्यांनी येतानाच ठरवलं होतं. मी दोन दिवस विचार केला. आपल्या घरात अंडंही कधी आलेलं नाही. माझी आई, माझी सासू, सगळ्या डोळ्यांपुढे येऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी बाजारात जाऊन विजेची शेगडी आणि एक जाड पातेलं आणलं, गॅलरीत मांडलं आणि सांगितलं, इथे करा.

त्यांनी केलं. मी स्वयंपाकघरात दार लावून बसले होते, तरी वास आलाच. तुझ्याशी खोटं बोलत नाही, मला तो वास आवडला नाही, अजूनही आवडत नाही. पण सहन करायला आवडावं लागत नाही, हे मला या वयात कळलं. आवडलं असतं तर त्यात सहन करण्यासारखं काय होतं? जेवण झाल्यावर त्यांनी खुर्ची टाकून बसल्या बसल्या गॅलरी फिनाइलने पुसली, डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन विचारलं, आत येऊ का? मी त्यांना आंघोळ करा म्हणाले नव्हते. मी उठून त्यांना आत घेतलं.

मग पाय सुधारायला लागला. आपल्या बिल्डिंगचा जिना त्या देवांची नावं घेत चढायच्या, पहिल्या मजल्यापर्यंत गणपती, दुसऱ्यापर्यंत महादेव. मुलं त्यांच्या पुढे पळायची. एक दिवस शिल्पाने विचारलं, आजी, कुठपर्यंत चालायचंय? त्या म्हणाल्या, माहूरपर्यंत. रेणुकामाता त्यांची कुलदेवी आणि आपलीही. एवढ्या वर्षांत हे एकमेकींना सांगायचं राहून गेलं होतं. शिल्पाने डॉक्टरांना विचारून होकार दिला, सावकाश, काठी घेऊन आणि कठड्याला धरून.

काल पहिल्या बसने निघालो. पायऱ्यांशी आलो तेव्हा ऊन चढायचं होतं. सगळं लक्ष त्यांच्या गुडघ्याकडे, आणि अर्ध्यावर ढेपाळले मी. दर्शन होईपर्यंत काही खायचं नाही, ही माझी जुनी सवय. डोळ्यांपुढे काळोखी आली आणि मी एका दुकानाच्या कट्ट्यावर मटकन बसले. त्यांनी काठी बाजूला टाकली, पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. मी मान हलवली. तेव्हा त्या म्हणाल्या, "उपाशी ये म्हनून देवी म्हनली का? खावा." मी खाल्ले, मनू. आयुष्यात पहिल्यांदा दर्शनाआधी खाल्लं. दुकानदाराने पाणी दिलं. मग त्या उठल्या आणि मीही उठले. पुढची चढण त्यांच्या एका हातात कठडा, दुसऱ्या हातात मी, आणि काठी मी काखोटीला मारलेली.

वर पोचल्यावर त्यांनी देवीच्या नावाने जो उदो केला, तो अख्ख्या गडाने ऐकला असेल. रांगेतले लोक वळून बघायला लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही ओरडले. माझा आवाज एवढा निघू शकतो, हे मला माहीत नव्हतं. पुजाऱ्यांनी तांबुलाचा प्रसाद दिला आणि आम्ही दोघींनी लाल तोंडांनी तो फोटो काढून घेतला. तू नीट बघ, फोटोत मी दात दाखवून हसते आहे.

आता खरं कारण सांगते. येताना बसमध्ये त्या अगदी गप्प होत्या. जी बाई कंडक्टरचं सगळं खानदान विचारते, ती खिडकीबाहेर बघत बसली होती. मग हळूच म्हणाल्या, रविवारी सत्यम येनार, गावाकडं सोडनार. मी विचारलं, माझ्याकडेच राहता का? त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाल्या, "म्या कशी म्हनू? लेक असून सुनेच्या माहेरी पडली म्हनतेल लोक. लेकाला खाली बघावं लागंल." त्यांनी नको म्हटलं नाही, हे तू लक्षात घे. त्या स्वतः कधी मागणार नाहीत. म्हणून मी मागते आहे. मुलीच्या आईने मुलाकडच्यांकडे काही मागू नये म्हणतात, आणि मी आजवर मागितलंही नाही. पण सत्यमला सांग, माझ्या या विहीणबाई मला हव्या आहेत. मी उपकार करते असं त्याला वाटू देऊ नकोस, मला त्यांच्याशिवाय आता करमायचं नाही. पेरणीला आणि सणावाराला त्या गावी जातील, मीही बरोबर जाईन. तुझ्यासाठी मागणी घालायला त्या आपल्या दारात आल्या होत्या, तेव्हा उत्तर द्यायला मी दीड महिना लावला होता. तुम्ही तेवढा लावू नका. मला उत्तर रविवारच्या आत हवं आहे.

तुझीच,
आई