घाम फुटलेली डब्बी

२ डिसेंबर २०२४, कुंभार पिंपळगाव

हसा, हसा! "विमानाचं काम सोडून पोरगी उसाच्या ट्रॅक्टरला डब्ब्या बांधून राह्यली." सगळं गाव हसतंय. दादा हसत न्हाईत, पण जेवताना माझ्याशी बोलतबी न्हाईत.

पुण्याची नोकरी सोडली ते बिलकुल बराबर केलं. विमानाच्या इंधनाचा व्हॉल्व्ह मला सुचला — एक थेंब गळत न्हाई! पेटंटवर नाव कुणाचं? आमच्या साहेबांचं, कल्याण सरांचं. विचारायला गेल्ते, तर हसून म्हणाले, "अगं तृप्ती, सूचना कुणीही देतं. नाव काम करणाऱ्याचं लागतं."

या डब्बीवर माझंच नाव लागंल. बघाच!

६ डिसेंबर

कारखान्याच्या दहा ट्रॅक्टरांवर डब्ब्या लावल्या. कोणता फडात, कोणता वाटेत, कोणता कारखान्यावर नंबराला उभा — सगळं मोबाईलवर दिसतं. शेती अधिकारी म्हणाले, "पंधरा दिवस बघू. चालल्या तर सगळ्या गाड्यांना लावू. न्हाई तर काढून न्या."

चालतील!

१० डिसेंबर

तीन बंद.

११ डिसेंबर

पाच बंद! बद्रीनाथ ड्रायव्हर डब्बी कानाशी हलवत आला. "ताई, हिच्यात तर तळं झालंय!"

पाणी? माझ्या डब्बीत? थेंब गळू न देणं हेच तर माझं काम! दुप्पट रबर लावलं, स्क्रू आवळले. आता शिरून दाखव म्हणावं.

१३ डिसेंबर

आणखीनच पाणी. शेडमधे बसून रडले. आई चहा घेऊन आल्ती. तिनं डब्बी उलटी-पालटी करून बघितली.

"बाई गं, तू तर हिला कोंडूनच टाकलं. गरम भाकर डब्यात कोंडली की घाम फुटतोच. म्हणून तर मी दुरडीत ठेवते."

पुण्याहून मी आणलेला हवाबंद डबा तिनं एक दिवस वापरला न्हाई. मला वाटायचं, अडाणीपणा आहे. पण डब्बी दिवसभर इंजिनाशेजारी तापते, पहाटेच्या थंडीत गार पडते. आतल्या दमट हवेलाच घाम फुटत होता! मी जितकी आवळत गेले तितकं आतलं आतच राह्यलं.

१६ डिसेंबर

खालून बारीक भोक, त्यावर रबराची इवलीशी झडप. वाफ बाहेर जाते, पाणी आत येत न्हाई. दहाही डब्ब्या पुन्हा लावल्या.

२१ डिसेंबर

पंधरा दिवस भरले. दहाच्या दहा चालू! अधिकारी म्हणाले, "सगळ्या गाड्यांना लावा."

दादा जेवताना बोलले, "आपल्या ट्रॅक्टरला कधी लावती मंग?"

४ जानेवारी २०२५

झडपेच्या पेटंटचा अर्ज भरला. संशोधक — एकच नाव. घ्या, कल्याण सर!

आई भाकरी थापत होती. हसत म्हणली, "माझं बी नाव टाकलं का गं, दुरडीवालीचं?"

मी बी हसले. म्हणलं, "अगं आई, सूचना कुणीबी देतं. नाव काम करणाऱ्याचं लागतं."

"ते बी खरंच," म्हणली अन् भाकर उलटली.

५ जानेवारी

कालचं वाक्य माझं न्हाई. कल्याण सरांचं आहे, जसंच्या तसं! अन् म्हणताना मी हसले बी त्यांच्यासारखीच. लाज वाटली.

दुरुस्तीचा अर्ज करायला घेतला. पेटंटचा एजंट फोनवर म्हणला, "मॅडम, आईंचं शिक्षण काय लिहू?" म्हणलं, "चौथी लिहा. अन् नाव माझ्या आधी लिहा — तुळजाबाई."

आई पदराला पीठ पुसत विचारून राह्यली, "सही कुठं करू?"