मोगऱ्याच्या चहाला आलेला वास

ता. ३ एप्रिल

चि. ठकीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, तेव्हा आपलं कागदावरच बरं. माझा ताप फेब्रुवारीतच उतरला. काळजी नसावी.

काळजी करायचीच तर तुझ्या भाचीची कर. मनीने यंदा उन्हाळ्यात नवं खूळ काढलंय. दर रविवारी कलत्या उन्हात मैत्रिणी गच्चीवर जमतात आणि ही त्यांना फुलांच्या चहाची दारू पाजते. हो, चहाची दारू! मोगऱ्याचा चहा, त्यात मध, लिंबू, झाकणभर जिन, वर तरंगणारी एक कळी. जावई कौतुकाने बर्फ फोडतात. चौतीस वर्षं चहा चाखून मी घर चालवलं, आणि माझी लेक चहाला अत्तर लावते.

मला आग्रह झाला. पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. फुलदाणीत आठ दिवस राहिलेलं पाणी आठव. तेच, वर साखर! शेजारी जास्वंदीचा लालभडक पेला होता, त्याला ओल्या फडक्याचा वास. लेकीच्या घरात बोलू नये म्हणतात. पण या घरात पावही भिकार येतो, भाजला की रबर जळाल्यासारखा. साबणाची तर शिसारीच येते.

ऑफिसात तोच वैताग. माझ्या हाताखालच्या बाईंनी चहाचा एक माल चाखून नापास केला. म्हणे बुरशीचा वास येतो. मी पास केला आणि नाक कच्चं आहे असा शेरा लिहून वर धाडला. हल्ली कुणाला काही कळत नाही बघ.

पत्र टाकत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
दादा


ता. १० एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की चष्मा पुसावा लागला. लहानपणी माझ्या पेल्यातलं दूध चाखून तू गाय आजारी असल्याचं जाहीर करायचास आणि मी दूध सोडून रडत बसायची. साठी ओलांडलीस तरी खोड गेली नाही.

मनीला सांग, मला कृती हवी. हॉस्पिटलातल्या आम्ही जुन्या सहा नर्स पुढच्या महिन्यात माझ्याकडे जमणार आहोत. जन्मभर लोकांना औषधं पाजली, आता एक पेला आमचाही होऊ दे. तू नाक मुरडत बस.

पण खातोस ना नीट? जावई फोनवर म्हणाले, तू ताट अर्धं टाकतोस. ते काय म्हणाले ते मी दोनदा विचारलं, म्हणजे बरोबरच ऐकलं असणार.

राग मानू नये, मानलास तरी पत्र लिहावं.
तुझी,
ठकी


ता. २१ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कृती देते. मोगऱ्याच्या चहाची दोन चमचे पत्ती लिटरभर गार पाण्यात टाकून चार तास फ्रीजमध्ये ठेव. उकळू नकोस, कडू होतो. गाळून मध आणि लिंबू घाल. जिन पेल्याला एकच झाकण, चहा पुढे राहिला पाहिजे. फुलं घरच्या कुंडीतली, औषध न फवारलेली घे.

आता जे कृतीत नाही ते. परवा आठ जणी आल्या होत्या. एकीने बाबांना हौसेने विनवलं, ऑफिसात चाखता तसं चाखून दाखवा. बाबांनी चमचा मागवला, सुर्रकन घोट ओढला आणि बर्फाच्या भांड्यात थुंकले. सगळ्यांच्या बर्फात, आत्या! वर म्हणाले, यापेक्षा गटार बरं. एकजात सगळ्यांनी पेले खाली ठेवले. तेवढ्यात आमची छोटी त्यांच्या मांडीवर चढली. नेहमीच चढते. तिचे केस नाकाशी येताच त्यांनी रुमाल लावला आणि तिला ढकललं. तिचं कोपर सोलवटलं. ती रडली नाही. मग मला येऊन विचारलं, मी घाण आहे का?

आत्या, लिहायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला माझ्या बाबांची किळस आली. त्यांच्याशी अजून बोलले नाही. बैठका बंद केल्यात. पेले खोक्यात भरले.

तू त्यांना काहीतरी लिही. तुझं ऐकतात.
तुझी,
मनी


ता. २७ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज थट्टा नाही. मनीने सगळं कळवलंय. तुझ्यावर इतकी संतापले होते की पहिलं पत्र फाडून टाकलं. मग तुझं जुनं पत्र पुन्हा काढलं. फुलं, पाव, साबण, आणि आता पोरीचे केस. एका घरात सगळंच कसं सडेल रे?

मी तीस वर्षं आजारी माणसं पाहिली. तापानंतर काहींचं नाक बिघडतं. वास येत नाही असं नाही, भलताच येतो. चांगल्या गोष्टीला घाण वास. दात घासताना उमासे येतात का? कांदा परतला की खोलीबाहेर पळतोस का? खरं सांग. कानानाकाच्या डॉक्टरकडे याच आठवड्यात जा.

आणि दादा, त्या बाईंना खरंच बुरशीचा वास आला असेल तर?

उत्तराची वाट पाहते. मला तुझा राग आलाय, पण तो आपल्या माणसाचा आहे, परक्याचा नाही.
तुझी,
ठकी


ता. ९ मे

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं बरोबर आहे. आणि ऐक, मला मार्चपासून ठाऊक होतं.

चाखायच्या खोलीत वीस पांढरे कप ओळीने मांडलेले असतात. एक दिवस विसांच्या विसांना एकच वास आला, मोरीतला. मी कुणाला सांगितलं नाही. रंग बघत होतो, पानं बोटांनी चुरत होतो आणि अंदाजाने माल पास करत होतो. कुणी नुसतं वर पाहिलं तरी घाम फुटायचा. त्या बाई बुरशी म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, मी पकडला गेलो. म्हणून शेरा लिहिला. त्यांची उचलबांगडी लेबलं चिकटवायला झाली. मी रोज त्यांच्यासमोरून जात होतो, मान वर करून. मोगऱ्याची नाही ग ठके, मला माझीच किळस येत होती. ती दुसऱ्यांच्या अंगावर थुंकत सुटलो.

डॉक्टर म्हणाले, वर्षात सुधारेल, कदाचित नाहीही.

सोमवारी साहेबांकडे गेलो. ते चांगलं वागले, हाच त्रास झाला. म्हणाले, आजारपणाची रजा घ्या, बोभाटा कशाला, शेरा राहू द्या. मी नाही म्हटलं. चाखायच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं आणि बाईंसमोर सांगितलं की नाक माझं गेलंय, त्यांचं नाही. गोदामातून तो माल आणवला, नशिबाने बाहेर पडला नव्हता. पोतं फोडलं तर तळाला हिरवट बुरशी होती, नाकाशिवायही दिसत होती. शेरा लेखी मागे घेतला. माझी जागा त्यांना द्या असंही लिहिलं आणि राजीनामा ठेवला.

छोटीला सांगितलं, आजोबांचं नाक खोटं बोलतं. ते चिमटीत धरून ती त्याला रागे भरली. मनी ऐकून बाहेर गेली. ती रडली असावी.

लोभ शिल्लक असेल तर कळव.
तुझा,
दादा


ता. ३१ मे

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही सहाही नर्स दोन दोन पेले प्यायलात हे वाचून मनी खूष आहे.

इथे रविवारी बैठक झाली. मनीने खोकं उघडून पेले घासले, आणि मला न विचारता बाईंना बोलावून आली. चहा मी केला. पत्ती तोलून, घड्याळ लावून. गार असला की त्याची घाण जरा कमी येते, एवढाच दिलासा. बाकी अजून सगळं सडकंच आहे. तुला खोटं कशाला सांगू?

बाई आल्या. ऑफिसात आता त्या माझ्या खुर्चीवर आहेत. कुंडीजवळ माझ्यासमोर बसल्या, घोट घेतला आणि थुंकल्या नाहीत. म्हणाल्या, मध जास्त झालाय, चहा मात्र नेमका उतरलाय. मग आवाज न चढवता म्हणाल्या की लेबलं चिकटवायच्या त्या दिवसांत माझ्या चमच्याचा आवाज भिंतीपलीकडून आला तरी त्यांना शिसारी यायची. माफ केलंय असं समजू नका, हेही म्हणाल्या.

त्यांनी पेला संपवला आणि रिकामा माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, मध कमी.

मी भरून दिला.

तुझा,
दादा