शंभर टक्के निकालाची शाळा

३ मे १९७१, सोमवार

शंभर टक्के! मार्तंडदादा पुन्हा तेच लिहितो. नगरच्या घड्याळवाल्या शाळेत मुलींचा निकाल शंभर टक्के, आणि सगळ्या मुली कॉलेजात! म्हणे विजूला दहावीसाठी माझ्याकडे पाठव.

भाऊ झाला म्हणून काय झालं? त्या शाळेचे हेडमास्तर ह्याच्या पत्त्यांच्या डावातले भिडू आहेत, हे मला ठाऊक आहे. आणि शंभर टक्के कोणाचंच काही नसतं. कुठेतरी पाणी मुरतंय.

पण विजूला जामखेडात ठेवूनही भागायचं नाही. तिला डॉक्टर व्हायचंय. म्हणजे अकरावीच्या मॅट्रिकनंतर सायन्स, म्हणजे पुण्याच्या कॉलेजात जागा. इथून आजवर एक मुलगी सायन्सला गेलेली दाखवा!

५ मे

राहीबाई दूध घालायला आली. गेल्या साली तिची सून अडली तेव्हा आधी बैलगाडी, मग जीप, मग नगर. सून वाचली, मूल गेलं. विजूनं डॉक्टर व्हायचं काढलं ते तेव्हापासून. राहीबाई आज म्हणते, "विजूताई डाक्टरीन झाली म्हंजी आमाला नगर कशाला लागतंय? लवकर शिकवा बाई. धाकली सून बी नांदाया आलीया आता."

मी हसले. नंतर दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता.

८ मे

ह्यांच्याशी बोलले. "तू ठरव. तुला त्यातलं जास्त कळतं," म्हणाले. मला रडूच आलं! कचेरीत अव्वल कारकून असून ह्या माणसाच्या बोलण्याला अस्तर नाही. बाकी जगाचं मी सांगू शकत नाही.

विजू श्रीगोंद्याला मावशीकडे सुट्टीत मजा करतेय. करू दे. मी परवा नगरला जाते. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पैची फी भरायची नाही.

१२ मे, नगर

घड्याळवाली शाळा पाहिली. घड्याळ बंद! फाटकातच पास झालेल्या मुलींच्या नावांची पाटी, नवा रंग दिलेली. हेडमास्तरांनी चहा मागवला. चहा पाजणाऱ्या हेडमास्तरांचा मला आधीच संशय येतो.

"आमच्या सगळ्या मुली कॉलेजात जातात, ताई."

कुठल्या?

"कॉलेजात म्हणजे — कॉलेजातच."

सायन्सला किती जणी?

चष्मा काढून पुसला. "मुलींचा ओढा आर्ट्सकडे असतो."

सगळ्यांचा? एकजात? माझ्या एकटीच्याच पोटी जगावेगळी मुलगी आली म्हणायची! दादा शेजारी बसून माझ्याकडे डोळे वटारत होता. वटार म्हणावं.

बहुतेक कच्च्या मुलींना अकरावीआधीच नारळ देत असतील. उद्या छडा लावते.

१३ मे

चुकले मी. नारळ देत नाहीत. त्याहून वाईट!

दादाच्या शेजारची कुमुद त्याच शाळेतून गेल्या वर्षी पास झाली. फर्स्ट क्लास. आता आर्ट्सला. आवडतं का ग, विचारलं, तर डोळे भरून आले तिचे. "मला सायन्स हवं होतं काकू. घेतलंच नाही. आम्हाला बीजगणित नव्हतं ना."

मग सगळं उलगडलं. मॅट्रिकला गणित दोन तऱ्हेचं. बीजगणित-भूमिती अवघड, नुसतं अंकगणित सोपं. सायन्सला बीजगणित लागतंच. ही शाळा नववीलाच सगळ्या मुलींच्या गळ्यात अंकगणित बांधते. नापास कोण होणार? निकाल शंभर टक्के, पाटीला रंग, आणि पोरींना दार बंद! तेही कळतं कधी, तर कॉलेजच्या खिडकीशी उभं राहिल्यावर.

अशा माणसांना पाप लागत नाही का?

१४ मे

स्टेशनाकडची पत्र्याची शाळा. दादा आला नाही, "तिथे निम्मी पोरं आपटतात" म्हणाला. हेडमास्तर गहिनीनाथ सर, शेतकऱ्याचा मुलगा. स्वतःच बाकं दुरुस्त करत होते. निकाल विचारला.

"कमी हाय बाई. खोटं कशाला सांगू? मुलगी असो न्हाईतर मुलगा, आमी बीजगणित देतो. लई जन गळत्यात. पर टिकत्यात ते सायन्सला जात्यात. गेल्या साली दोघी गेल्या पुण्याला."

चहा विचारला नाही. तरी मला शंका — इतकं खरं कोण बोलतं? यातही काही असेल! त्या दोघींपैकी एकीचं घर विचारून घेतलं आणि तडक गेले. मुलगी खरीच पुण्याला. आई कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "बीजगनितापायी रातसार रडायची. पर गेली बगा."

तिथेच मी ठरवलं. विजू रडली तरी चालेल.

१६ मे, जामखेड

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. कुमुदचं सांगताना माझाच आवाज चढला — कसले आईबाप, मुलीला कोणतं गणित दिलंय एवढंही बघत नाहीत! हे नुसते "हं" म्हणाले. जेवण निम्मं टाकून उठले. ऊन बाधलं असावं. कांद्याचा रस दिला.

२९ मे

विजूसाठी दोन परकर-पोलकी शिवायला टाकली. गहिनीनाथ सरांचा निरोप — जागा धरून ठेवली आहे, दाखला घेऊन या.

६ जून

विजू आली. पत्र्याच्या शाळेत जायचं ठरलं म्हटल्यावर घरभर नाचली. "आई, गणितात मीच पहिली येणार बघ!" येईलच. इथे पैकीच्या पैकी असतात तिला. हे ओट्यावर जाऊन बसले.

७ जून

दाखला आणायला गेले. इथले हेडमास्तर म्हणाले, "सायन्सला? वहिनी, विजयाला तर अंकगणित आहे. विषय निवडताना साहेबच येऊन सांगून गेले होते."

घरी आले. ह्यांना विचारलं. खाली बघून म्हणाले, "सोप्या गणितात मार्क पडतात. मार्क असले की स्थळं चांगली येतात. तेव्हा ती डॉक्टर वगैरे म्हणत नव्हती." मग गेल्या महिन्यात का बोलला नाहीत? "तू इतकी खुशीत होतीस."

त्यांच्याशी काय बोलायचं ते नंतर बघेन.

विजूला माजघरात नेलं, सगळं सांगितलं. बीजगणित हवं तर नववीत पुन्हा बसावं लागेल, लहान पोरींबरोबर. एक वर्ष मागे पडशील. बसशील का ग?

"दोन बसेन," म्हणाली.