ताईचा संगणक चार-सतराला अडकतो

सोमवार, ३ मार्च

दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी ताईचा संगणक अडकला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. टेलिफोनच्या तक्रार खात्यात एकतीस वर्षं काढली मी. वेळ नसलेली तक्रार म्हणजे नुसतं रडगाणं, हे मी शेकडो लोकांना ऐकवलं आहे.

बाकी दिवस झकास गेला. सकाळी सामान आलं, दुपारपर्यंत लागलंसुद्धा. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पूर्वेची खिडकी, आणि वरच्या मजल्यावर कुणी पाय आपटणारं नाही. भाचीनेच आग्रह केला. मावशी, आईचं घर पाच महिने बंद आहे, तू भाड्याच्या खोलीत कशाला कुजतेस, म्हणाली. कुजणं हा शब्द मला आवडला नाही, पण किल्ली घेतली.

ताई याच टेबलाशी, बसल्या जागी गेली. अकरा वर्षं आम्ही बोलत नव्हतो. आईच्या शिलाई मशिनवरून. मशिन तिच्याकडे गेलं, बोलणं माझ्याकडून गेलं.

संगणक चालू केला तर समोरच एक फाइल. नाव ‘तिखटसाठी’. मला तिखट म्हणणारी ती एकटीच. आठ पानांचं पत्र आहे. मन होईल त्या दिवशी चारच्या चहाबरोबर एकच पान वाचायचं ठरवलं आहे. अकरा वर्षांचं भांडण एका बैठकीत संपवण्याइतकी मी स्वस्त नाही. शेवटचं पान आधी बघणार नाही. कॉन्व्हेंटमध्ये गोष्टीचं शेवटचं पान आधी उघडणाऱ्या मुलीला मदर वर्गाबाहेर उभं करायच्या. मी एकदाच उभी राहिले, ताई चारदा.

पहिलं पान अर्धं झालं आणि पडद्यावरचा बाण थिजला. माउस हलवला, काही नाही. दोन मिनिटांनी आपोआप सुरू. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटाही मध्येच थबकल्यासारखा वाटला. सेल उतरला असेल.

गुरुवार, ६ मार्च

पुन्हा चार-सतरा. या वेळी सहा मिनिटं. मंगळवारी आणि बुधवारी तक्रार नव्हती.

तक्रार खात्याचा नियम असा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर दोष कुठे होता ते जन्मात कळत नाही. आधी धूळ. बाजूचं झाकण मी स्वतः उघडलं. आतल्या पंख्यावर गालिचा विणता येईल इतकी धूळ. जुन्या रंगाच्या ब्रशने सगळी काढली.

घड्याळाला नवा सेल घातला. जुना काढून बघितला तर तोही बरा होता.

तिसऱ्या पानावर ताई लिहिते, संगणक सव्वाचारच्या सुमाराला अडकतो गं, तुलाच विचारायला हवं होतं, तक्रार खातं तू. म्हणजे दोष जुना आहे. मला उगाच बरं वाटलं.

शनिवार, ८ मार्च

अठरा मिनिटं. म्हणजे धूळ नव्हे.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, प्रत्येक वाक्याला ‘होईल, बघू’ म्हणतो. मी त्याचं नावच होईलबघू ठेवलं. त्याने रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासली, परत बसवली. मी विचारलं, एवढंच? तो म्हणाला, बाई, निम्मे संगणक एवढ्यानेच सुधारतात. मी म्हणाले, आणि उरलेले निम्मे? होईल, बघू.

एक गोष्ट मात्र त्याला खटकली. म्हणे, खरा अडकलेला संगणक आपण होऊन सुटत नाही. बटण दाबून बंदच करावा लागतो. तुमचा सुटतो कसा? मी म्हणाले, ते शोधायलाच तुम्हाला बोलावलं, मला परीक्षेला बसवायला नाही.

उजव्या हाताची बोटं जरा बधिर आहेत. ब्रशने फार घासलं.

मंगळवार, ११ मार्च

चोपन्न मिनिटं. चार-सतरा ते पाच-अकरा. समोरच्या चहावर साय धरली होती. मी कप खाली ठेवला तेव्हा वाफ निघत होती, ती मी बघत होते. वाफ हलत नव्हती. हे लिहायला विचित्र वाटतं, पण नोंद ती नोंद.

होईलबघूने हार्ड डिस्क तपासली, ठणठणीत. वीजपुरवठ्याचा डबा बदलला. जाताना एक छोटा प्रोग्रॅम घालून गेला. तो दर मिनिटाला आतलं तापमान टिपतो आणि माउस, कळा हलल्या की तेही टिपतो. दोष कोणत्या मिनिटाला होतो ते कळेल, म्हणाला. पहिल्यांदा काहीतरी शहाणपणाचं बोलला.

गुरुवार, १३ मार्च

दोन तास बेचाळीस मिनिटं.

समोर राहणाऱ्या बाईंकडे घराची दुसरी किल्ली आहे, ताईच्या वेळेपासून. सगळ्यांच्या खिडक्यांवर लक्ष ठेवतात म्हणून मी त्यांना दुर्बीण म्हणते. संगणक सुटला तेव्हा दुर्बीण माझ्या खुर्चीपाशी उभ्या होत्या आणि रडत होत्या. मी म्हणाले, बाई, बेल नावाची वस्तू दाराला कशासाठी असते?

त्यांनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, अहो, बारा वेळा वाजवली. खिडकीतून दिसत होतात, म्हणून आत आले. हाका मारल्या. गदागदा हलवलं. हात नळासारखा गार. नाडी शोधली, लागली नाही. डोळे उघडे. ताईंसारखंच सगळं, म्हणाल्या. डॉक्टरांना फोन लावायला वळले आणि तुम्ही बेलवरून बोललात.

मी त्यांना चहा दिला. मी त्यांना येताना पाहिलं नव्हतं. मी पडद्याकडेच बघत होते. बाण हलत नव्हता.

पुन्हा असं दिसलं तर मी वेळ घालवणार नाही, थेट डॉक्टरांनाच आणीन, असं बजावून गेल्या.

शुक्रवार, १४ मार्च

होईलबघूने त्या प्रोग्रॅमची यादी दोनदा वाचली. एकदाही ‘बघू’ म्हणाला नाही.

यादीत एकही मिनिट गळलेलं नाही. चार-सतरा, चार-अठरा, चार-एकोणीस, सगळी आहेत. काल दुपारी यंत्र क्षणभरही थांबलेलं नाही. फक्त माउस हलला नाही. दोन तास बेचाळीस मिनिटं कुणी तो हलवलाच नाही.

बाई, संगणकाला काही झालेलं नाही, म्हणाला. त्याने पैसे घ्यायचं नाकारलं आणि पेचकस इथेच विसरून गेला.

शनिवार, १५ मार्च

एका वेळी एकच गोष्ट. संगणक बंद ठेवला, वायर काढली. दुसऱ्या खोलीत खाटेवर बसले, हातात विणकाम. चार-सतरा.

सुई मधल्या टाक्यात होती. टाका पुरा झाला तेव्हा बाहेर अंधार होता. आठ तास सहा मिनिटं.

यंत्र नव्हे. टेबल नव्हे. खोली नव्हे. यादीत एकच गोष्ट उरली.

रविवार, १६ मार्च

भाचीला फोन केला. ताई सापडली तो दिवस नीट सांग, म्हटलं. ती म्हणाली, मावशी, आता कशाला? मी म्हणाले, सांग.

दाराला आतून कडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बिणींनी माणसं बोलावून फोडली. आई खुर्चीत, हात माउसवर. चेहरा असा की आत्ता बोलेल. डॉक्टर आले, नाडी बघितली, सही केली. संध्याकाळपर्यंत दफनसुद्धा आटोपलं, मावशी. तुला निरोप दिला होता, तू आली नाहीस.

खरं आहे. मी आले नाही.

मंगळवार, १८ मार्च

काल चार-सतरा ते आज चार-पस्तीस. चोवीस तास अठरा मिनिटं. दुर्बीण मुलीकडे गेल्या आहेत, म्हणून कुणी पाहिलं नाही. उद्या परततात.

सातवं पान. ताईने तक्ता केला आहे. दोन मिनिटं. सहा. अठरा. चोपन्न. दोन तास बेचाळीस. आठ तास सहा. चोवीस तास अठरा. दर वेळी तिप्पट. तिच्या अक्षरात असता तर — पण टाइप केलेला आहे. माझ्या वहीशी ताडून पाहिला. मिनिटाचाही फरक नाही.

पुढचा आकडा तिने लिहिलेला नाही. मी गुणाकार केला. बहात्तर तास चोपन्न मिनिटं. तीन दिवस.

ती दुसऱ्या दिवशी सापडली. संध्याकाळी आटोपलं.

काही वाटत नाही. लिहून ठेवते: काही वाटत नाही. कोपरापर्यंत बधिर आहे.

बुधवार, १९ मार्च

आठवं पान.

तिखट, मागच्या अडकण्यापासून आज तिसरा दिवस, आता चार-सतराला मी तीन दिवस अडकणार. मरणार नाही. तू ये. शेजारी खुर्ची टाकून बस आणि मला कुणाला उचलू देऊ नकोस. तुझ्या तोंडापुढे डॉक्टर टिकायचा नाही. मशिन घेऊन जा हवं तर. दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. आता पुन्हा लावते —

पत्र एवढंच.

त्या आठवड्यात तिचा नंबर तीनदा आला होता. मी फोनकडे बघत बसले होते. वाजू दिला.

एकतीस वर्षं तक्रार खात्यात मी एकही फोन वाजत ठेवला नव्हता.

गुरुवार, २० मार्च, दुपारी सव्वातीन

डॉक्टरांना गाठलं. ताईच्या वेळी किती थांबलात, विचारलं. म्हणाले, तीस वर्षांचा अनुभव आहे बाई, पाच मिनिटं पुरतात. झोपेची गोळी लिहून दिली. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे वाईट. मान हलवली.

भाची रविवारी रात्री येते म्हणाली. त्याआधी जमत नाही. आराम कर मावशी.

दुर्बीण परतल्या आहेत. सांगितलं. पदर तोंडाला लावून ऐकलं. मी काही ऐकायची नाही, म्हणाल्या, डॉक्टरांनाच आणणार.

कडी लावली आहे. ताईनेही लावली होती.

तीन-पन्नास

दारावर आतून कागद, बाहेरून कागद, माझ्या छातीवर पिनेने कागद. थांबा. रविवार, २३ मार्च, संध्याकाळी पाच-अकरापर्यंत उचलू नका.

वाचेल कोण. म्हातारीचं अक्षर —

चार-पाच

अक्षर रेघेखाली जातं आहे. मदर असत्या तर पान फाडलं असतं.

शेजारची खुर्ची ओढून ठेवली आहे. कुणी बसणार नाही. तरी —

चार-तेरा

डॉक्टर, हे तुम्हाला. तक्रार म्हणून नोंदवा.

एक. माझ्या बहिणीच्या कागदावर सही करताना तुम्ही पाच मिनिटं थांबलात. तीन दिवस थांबायला हवं होतं. ती तिसऱ्या दिवशी संध्याकाळी — कुठे — कुठे उठली असेल, याचं उत्तर द्या.

दोन. उद्या सकाळी तुम्हाला इथे बोलावतील. माझी नाडी लागणार नाही. डोळे उघडे असतील. मी तुम्हाला बघत नसेन, मी या वहीकडे बघत असेन, पण मी आहे. सही करू नका.

तीन. लेखी उत्तर हवं. तोंडी चालणार नाही. सोमवार, २४ मार्च, सकाळी अकराच्या आत. माझ्या हातात. भाचीच्या नाही, दुर्बिणींच्या नाही, माझ्या हातात, आणि तेव्हा हा हात तुम्ही अजून मातीत —