एक जॅकेट, सोळा प्लॉट

२१ जानेवारी

हे जॅकेट घातल्यावर माणूस वाचतो का? देवरे साहेबांनी आज सगळ्यांसमोर विचारलं आणि मी म्हटलं, माहीत नाही. "मॅडम शेतीच्या पदवीधर, जॅकेटच्या नाही," मागून कुणीतरी. सगळे हसले. मीपण.

आमच्यातला गणेश वणी रस्त्याला गाडीवरून पडला, तीन बरगड्या मोडल्या, तेव्हापासून हे सुरू. पॅकहाउसचे आम्ही नऊ जण दिवसभर मोटरसायकलवर दिंडोरीच्या द्राक्षबागा फिरतो. घड बघायचे, साखर मोजायची, नमुना घ्यायचा, पुढचा प्लॉट. आता एअरबॅगचं एक जॅकेट आलंय. एकच. महिनाभर मी वापरायचं आणि सगळ्यांसाठी घ्यावं का नाही ते लिहून द्यायचं. मीच का? "तुम्ही नीट लिहिता." नऊ जणांत बाई मी एकटी, हेही असेल.

पण खरं सांगू का, मला आनंद झालाय. नीट लिहिलेल्या एका पानानं कुणाच्या तरी बरगड्या शाबूत राहिल्या तर...

२३ जाने.

सोबतचा कागद दोनदा वाचला. छाती, पाठ, मान यांच्याभोवती पिशव्या. आत गॅसची छोटी नळी. एक दोरी गाडीला सीटपाशी बांधलेली, तिचं टोक क्लिपनं जॅकेटला. माणूस गाडीवरून उडाला की दोरी ताणते, नळी फुटते, पापणी लवायच्या आत जॅकेट फुगतं. डोकं, हात, पाय उघडेच. हेल्मेट हवंच. गाडीसकट घसरत गेलो तर दोरी ताणणार कधी? यावर कागद गप्प. "इजा कमी होण्यास मदत" असं लिहिलंय, "जीव वाचतो" असं कुठेही नाही. कागद प्रामाणिक वाटला.

दुपारी नमुने ठेवायला परत आले, डबा नमुन्यांच्या खोलीतच खाल्ला. बाहेर आमच्यातली बाकीची मुलं गोल करून बसतात. मी गेले की आधी शिव्या थांबतात, मग विषय बदलतो, मग बोलणंच थांबतं. त्यांचा दोष नाही. पण जेवणात असं शांत बसवत नाही.

२८ जाने.

फजिती. दुसऱ्याच प्लॉटवर. उजवीकडे फाटक होतं म्हणून मी उजवीकडून उतरले आणि क्लिप काढायची विसरले. फाटकाची तार सोडत होते, तेवढ्यात ठिबकनं ओल्या झालेल्या मातीत स्टँड रुतला आणि गाडी पलीकडे आडवी. दोरीला हिसका. धाड्‌! मान हलेना, हात खाली येईनात.

घडांना कागद गुंडाळणाऱ्या बायका धावत आल्या. आधी घाबरून, मग...

"अगं बया, मॅडम फुगल्या की!"

हिराबाई त्यांची मुकादम. तिनं फुगलेल्या जॅकेटवर बोट दाबून बघितलं. "हे घातल्यावर पडायचं नाय का?"

"पडायचं मावशी. लागतं कमी."

"मंग पडूच नको ना पोरी."

गाडी त्यांनीच उचलून दिली. चहा पाजला. किती दिवसांनी कुणाबरोबर बसून चहा प्याले.

नळी बदलली. वहीत लिहिलं: चूक माझी. पण ही चूक प्रत्येक जण करणार.

१ फेब्रुवारी, रविवार

घरी जाणार होते एकलहऱ्याला. गेले नाही. कपडे धुतले, झोपले. आईचा फोन: "जेवलीस का?" हो. "काय खाल्लं?" सांगितलं. कामाचं सांगायला गेले तर ती "बरं, बरं" म्हणते आणि तिला काही कळलेलं नसतं, आणि तिला कळलेलं नाही हे मला कळतं, हे तिलाही...

४ फेब्रु.

चौदा प्लॉट. म्हणजे चौदा वेळा क्लिप लावा, चौदा वेळा काढा. लांब रस्त्यावर एकदाच बसून जाणाऱ्याचं ठीक आहे. आमचं काम म्हणजे उतरणं. सकाळच्या थंडीत जॅकेट छान वाटतं. बाराला आत घामाच्या धारा.

मुलांना विचारलं, तुम्ही लावाल का क्लिप? "लावू की." एकानंही माझ्याकडे बघून सांगितलं नाही.

१० फेब्रु.

फक्त माझ्या अंगावर बघून काय लिहिणार? दोन दिवसांसाठी रफिकला दिलं. मुलांत तोच एक माझ्याशी सरळ बोलतो. दिंडोरीचाच. मोठ्या फेऱ्या सगळ्या त्याच्याकडे. "मॅडम, हे घालून पोरगी बघायला जाऊ का? छाती भरलेली दिसते."

११ फेब्रु.

रफिक पडला.

दिवेलागणीला, शेवटच्या प्लॉटवरून घराकडे येताना. गाडी पुलाच्या कठड्याला. जॅकेट फुगलं. मनगट मोडलंय, बाकी खरचटणं. दवाखान्यात गेले तर कॉटवर बसून बिस्कीट खात होता. मला रडू आलं, त्याला हसू. डॉक्टरांना विचारलं, जॅकेटमुळे वाचला? म्हणाले, छातीला मार नाही एवढं मी सांगतो, कशामुळे ते मी कसं सांगू. मला पुन्हा तेच उत्तर मिळालं, माझंच.

सगळे बाहेर गेल्यावर रफिक हळू म्हणाला, "मॅडम, एक बात. झोप लागली होती. सोळावा प्लॉट होता ना. कठडा दिसलाच नाही."

मी बिस्किटाचा पुडा त्याच्याजवळ सरकवला.

"हे लिहू नका. गाडीवर झोपणारा म्हणून काढून टाकतील. घरात कमावता मी एकटा."

नाही लिहिणार म्हटलं. वचन दिलं.

१४ फेब्रु.

देवरे साहेब खूश. फुटलेली नळी टेबलावर ठेवून सगळ्यांना दाखवली. "बघा, पैसा वसूल! मॅडम, रिपोर्ट द्या, सगळ्यांना घेऊन टाकू." आणि त्याच दमात, "आता संरक्षण आहे तर हंगाम संपेपर्यंत प्रत्येकाला सोळा प्लॉट करता येतील. रफिक करतच होता."

टाळ्या वाजल्या. प्लॉटमागे भत्ता मिळतो.

जॅकेट चांगलं आहे म्हणावं, तर सोळा प्लॉट. वाईट आहे म्हणावं, तर ते खोटं. आणि सोळा प्लॉट म्हणजे काय हे मला माहीत आहे, ते सांगता येत नाही.

२२ फेब्रु., रविवार

घरी गेले. बाबा ओट्यावर ब्रश धूत होते. आयुष्यभर उंच टाक्या रंगवल्या त्यांनी. जॅकेटचं सगळं सांगितलं, रफिकच्या झोपेचं सोडून. बाबा शाळेत गेले नाहीत पण ऐकताना मध्ये बोलत नाहीत.

मग म्हणाले, "आमचं बी तसंच झालं. आधी बेल्ट नव्हता, तर दोघं जायचो. एक वर, एक खाली दोर धरून. मग ठेकेदारानं बेल्ट आणला. चांगला होता बेल्ट. खोटं कशाला बोलू? पण बेल्ट आल्यावर एकट्यालाच पाठवाय लागला. म्हने आता दुसरा कशाला."

"मग बेल्ट नको होता का?"

"मी असं कवा म्हनलो?" ब्रश झटकून, "दुसरा मानूस पायजे होता."

आईनं भाकरी बांधून दिली. बसमध्ये हात पिशवीवर ठेवून बसले. ऊब होती.

२६ फेब्रु.

आज रफिकची फेरी मागून घेतली. सोळाच्या सोळा. साहेब म्हणाले, "शाब्बास." जॅकेट घातलेलं, खिशात चिठ्ठी, प्रत्येक प्लॉटला नोंद.

नवव्यापर्यंत सगळं नीट. अकराव्यानंतर क्लिप लावलीच नाही. मुद्दाम नाही. बाराव्याच्या फाटकाशी काढायला हात गेला तेव्हा कळलं, ती लावलेलीच नव्हती. लावली. तेराव्यानंतर पुन्हा नाही.

पंधराव्यानंतर वणी रस्त्याला लागले. ऊन तिरपं, वारा गार, डोळ्यांवर कुणी हात ठेवल्यासारखं. मग एकदम भोंगा आणि समोर ट्रॅक्टरची ट्रॉली. मी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला होते. किती वेळ, माहीत नाही. बाजूला येऊन थांबले. खाली बघितलं. दोरी सीटवरून लोंबत होती.

म्हणजे ज्या दमण्यानं माणूस पडतो, त्याच दमण्यानं तो क्लिप लावायची विसरतो. रफिकची क्लिप लावलेली होती. माझी नव्हती. बाकी फरक काहीच नाही.

बराच वेळ तिथेच बसले. कुणाला फोन करावा असं वाटलं. नावं वरून खाली बघितली. फोन परत ठेवला.

सोळावा केला नाही.

२ मार्च

साहेबांना तोंडी सांगितलं. जॅकेट घ्यावं, पण दिवसाला दहाच प्लॉट. म्हणाले, "तुम्हाला जॅकेटबद्दल विचारलंय, कामाबद्दल नाही. पहिला भाग ठेवा, दुसरा काढा." आवाज चढवला नाही. चहासुद्धा मागवला. म्हणून जास्त अवघड गेलं.

मुलांच्या कानावर गेलंच. पार्किंगमध्ये एक जण मोठ्यानं, "काही लोकांना भत्त्याची गरज नसते बाबा." गरज आहे. मलाही आहे. मागे वळले नाही.

रफिक हाताला प्लास्टर घेऊन नमुन्यांच्या खोलीत आला. दारातच उभा. "मॅडम, मेरा नाम?"

"नाही."

"मग झोपेचं कसं लिहिणार?"

"बघते."

५ मार्च

तीन कच्चे मसुदे. पहिल्यात "काही कर्मचाऱ्यांना थकवा जाणवतो". काही म्हणजे कोण? साहेब दहा मिनिटांत रफिकपर्यंत पोचतील. दुसऱ्यात थकव्याचा शब्दच नाही, वाचायला सुंदर आहे, फाडला. कॉलेजात वाटायचं, खरं एकदा नीट मांडलं की लोकांना पटतंच. अजूनही वाटतं थोडं.

तिसरा ठेवला.

६ मार्च

सव्वादहाला रिपोर्ट मेलनं पाठवला. साहेबांना, आणि आमच्या आठही जणांना. घरी पडून असलेल्या गणेशलाही.

लिहिलंय: जॅकेट छाती, पाठ, मान यांचा मार कमी करतं असं दिसतं, खात्रीनं सांगता येत नाही, तरी सगळ्यांना द्यावं. डोकं, हात, पाय यांना ते उपयोगाचं नाही. क्लिप लावली नाही तर कशालाच नाही. दहापेक्षा जास्त प्लॉट देणार असाल तर घेऊ नये, कारण मग ते जॅकेट माणसाच्या नाही, यादीच्या कामाला येईल.

त्याखाली: २६ फेब्रुवारीला पंधराव्या प्लॉटनंतर चालत्या गाडीवर मला झोप लागली. त्या वेळी माझ्या जॅकेटची क्लिप लावलेली नव्हती. खाली माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

साहेबांनी उघडलाय. पावणेबारा वाजले, उत्तर नाही. मुलं बाहेर जेवायला बसलीत, आवाज कमी आहे. आजची यादी सकाळी सोळाची मिळाली होती. खालचे सहा मी खोडले आणि त्या सहा शेतकऱ्यांना फोन करून सांगितलं, उद्या येते.