फेटा पाहिला, माणूस नाही

मी, जीवन किसनराव धंदर, वय ६८, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार मोताळा, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवतो. माझा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो, म्हणून मजकूर टाइप करून घेतला आहे. डोके थरथरत नाही. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मोताळा येथील राहते घर मी स्वतःच्या कमाईतून बांधले. माझ्या पश्चात ते पत्नी पंचफुला हिचे आणि तिच्या पश्चात मुलगी डिंपल हिचे. मागच्या खोलीची उत्तरेकडची खिडकी बुजवू नये. उजेडासाठी ती मोठी करून घेतली होती. पुढे तिच्यासमोर बसून मी निवृत्तीपर्यंत एकवीस वर्षे लोट्या, केळी आणि वांगी काढली. त्याचे कारण कलम ४ मध्ये आहे.

२. बँकेत जे असेल ते पंचफुलाचे. जावयांनी आकडा विचारू नये.

३. इझल, ड्रॉइंग बोर्ड आणि ब्रश माझी विद्यार्थिनी समता सुरडकर हिच्या शाळेला द्यावेत. ती सोनाळ्याला सामाजिक शास्त्रे शिकवते. चित्रकलेचा तास दुसऱ्या विषयाला देणार नाही, असे शाळेकडून लेखी घ्यावे. आमच्या शाळेत शुक्रवारचा सहावा तास माझा होता. दिवाळी झाली की इतिहास-भूगोलाचा शालिग्राम जवंजाळ दारात उभा राहायचा. "जीवन, तुह्यं काय, दोन केळी काढले का झालं. माह्यं महायुद्ध राह्यलं." मी खडू उचलून बाहेर यायचो. त्याची सगळी महायुद्धे माझ्या तासाला संपली.

४. माझ्याजवळ एक तैलचित्र आहे. फेटा बांधलेला, चाळिशीचा, ओठ मिटलेला पुरुष. १९९४ साली शाळेच्या रौप्यमहोत्सवासाठी ते काढले. संस्थापक दादासाहेबांचे चित्र हवे होते, तेही १९६८ च्या पायाभरणीच्या दिवसाचे. दादासाहेब १९७९ साली वारले. मी आणि शालिग्राम त्यानंतर तीन वर्षांनी नोकरीला लागलो. दोघांनीही त्यांना पाहिलेले नव्हते. फोटो मिळवण्याचे काम इतिहासाचा शिक्षक म्हणून शालिग्रामकडे होते. त्याने पायाभरणीचा सतरा माणसांचा फोटो आणला आणि एका डोक्यावर निळ्या पेनने फुली मारली. नक्की हेच का, असे मी विचारले. तो म्हणाला, "फेटा कोणाच्या डोक्यावर हाय, पाह्य ना बे. अजून कोण असंल?"

चार महिने मी तो चेहरा रंगवला. कार्यक्रमात पडदा सरकला आणि पहिल्या रांगेतून दादासाहेबांच्या पत्नी कौशल्याबाई शांतपणे म्हणाल्या, "हे आमचे नोहेत." मंडपात हसू पसरले. धंदर सरांचा हात फळांपुरताच बरा आहे, असे अध्यक्षांनी माइकवरून सांगितले.

त्याच आठवड्यात शालिग्राम घरी आला. त्याचा पर्यवेक्षकपदाचा कागद संस्थेत अडला होता. म्हणाला, "पंधरा दिवस दम धर. ऑर्डर हातात आली का मीच सांगतो, फुली माह्यी होती म्हणून." मी दम धरला. तो पर्यवेक्षक झाला, मग मुख्याध्यापक झाला. फोटो हरवल्याचे त्यानेच अध्यक्षांना कळवले. तो माझ्या पेटीत होता आणि त्याला ते माहीत होते. ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत. शाळेत माझे नाव "दुसराच सर" पडले. त्यानंतर मी माणसाचा चेहरा काढला नाही. पंचफुला म्हणायची, बोलून टाका. मी म्हणायचो, मित्र आहे. भित्रेपणाला मी मैत्री म्हणत होतो, हेही येथे नोंदवतो.

२००९ साली समता नववीत होती आणि इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेच्या सरावाला घरी यायची. भिंतीकडे तोंड करून ठेवलेले चित्र तिने सरळ केले, चेहरा बाबांसारखा दिसतो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी आजी जनकाबाईंना घेऊन आली. जनकाबाई चित्रासमोर खाली बसल्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमी यायले कुठं पाह्यलं?"

ते त्यांचे पती सहदेव सुरडकर, शाळेचा पाया घालणारे गवंडी. पायाभरणीला गवंड्याला मानाचा फेटा बांधतात, तोच त्यांच्या डोक्यावर होता. दादासाहेब कडेला बोडक्या डोक्याने उभे होते. तो फेटा जनकाबाईंनी जपून ठेवला होता, आणून दाखवला. किनार चित्रातल्यासारखीच होती.

माझे चित्र हुबेहूब होते, हे मला पंधरा वर्षांनी कळले. शालिग्राम जन्मभर "इतिहासाची साधने" शिकवत होता, लिखित, भौतिक आणि मौखिक. हा माणूस कोण, हे त्याने एकालाही विचारले नव्हते.

मी चित्र जनकाबाईंना देऊ केले. त्या म्हणाल्या, "शाळेतच लागू द्या. भित त्यायनंच बांधली." मी तसा लेखी अर्ज मुख्याध्यापकांना दिला. मुख्याध्यापक शालिग्राम होता. अर्ज फाइलला लागला. जनकाबाई वाट पाहतच वारल्या.

हे चित्र समताचे आहे. आता शाळेने मागितले तरी तिने देऊ नये.

५. फुलीचा तो फोटो अजून माझ्याकडे आहे. साक्षीदार म्हणून मी शालिग्रामला बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकील म्हणाले. त्याने वाचावा, अशी माझी अट आहे. वाचून त्याने आपल्या नावाची सही केली तर फोटो त्याचा. जाळला तरी हरकत नाही. सही केली नाही तर फोटो चित्रासोबत समताकडे जाईल. साधनांचा धडा शिकवताना तिने तो वर्गात दाखवावा.

६. शाळेत माझी शोकसभा घेऊ नये. माझ्या फोटोला हार घालू नये. कोणता फोटो, यावर पुन्हा घोळ नको.

पुढच्या ओळी आज सह्यांच्या वेळी मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडे आले आहे, माफ करावे.

शालिग्राम अकरा वाजता आला. सगळे वाचले, कलम चार दोनदा. म्हणाला, "मरता मरता माह्यं चित्र काढलं का बे?" मी म्हणालो, "ओळखू येत नसंल तं सांग." त्याने पेन घेतले, सहीच्या जागी फुली मारली आणि चहा न घेता गेला. मी भिंग लावून ती जुन्या फुलीशी ताडून पाहिली. डावा पाय तसाच लांब आहे.

निवृत्त मुख्याध्यापकाला सही करता येते, म्हणून ही फुली सही धरू नये. फोटो समताला द्यावा. तिसरे साक्षीदार म्हणून कारभारी घोंगटे यांना बोलावून घेतले. शाळेच्या पहिल्या दिवसापासून ते तिथे शिपाई होते. त्यांनीही सगळा मजकूर वाचला.

ठिकाण: मोताळा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

(सही) जीवन किसनराव धंदर

साक्षीदार १: (सही) डॉ. हरिओम वानखडे, मोताळा

साक्षीदार २: ✗

साक्षीदार ३: (सही) कारभारी घोंगटे, निवृत्त शिपाई. सहदेव गवंड्याले मी ओळखत होतो. मले कोणी विचारलं नाही.